सहीसाठी थांबलेली होडी

सदर : येता-जाता



दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की आपल्या संपादकांचा निरोप येतो, "ताई, 'येता-जाता'चं पान कधी देताय?" गेल्या वर्षी याच पानावर मी विमानतळावर बॅगेतून काढून ठेवाव्या लागलेल्या लोणच्याच्या बरणीबद्दल लिहिलं होतं. ते वाचून कितीतरी जणींनी आपापल्या बरण्यांच्या हकिगती सांगितल्या. यंदाची हकिगत बरणीपेक्षा पुष्कळ मोठी आहे, चांगली बत्तीस फूट लांब. आणि तिच्यात माझी चूक आहे. म्हणून पान द्यायला उशीर झाला.

आपल्यापैकी बरेच जण पाहुणे आले की त्यांना दुबईच्या खाडीवर नेतात. एक दिरहम देऊन अब्रात बसायचं, पलीकडे उतरायचं, सोन्याच्या बाजारात फिरून यायचं. आमच्याकडच्या पाहुण्यांना मात्र मी आधी धक्क्यावर उभ्या असलेल्या लाकडी गलबतांपाशी घेऊन जाते. त्यांच्यावरचे कितीतरी खलाशी आपल्या कच्छ-सौराष्ट्राकडचे असतात. डिझेल, ओला दोर आणि तेल प्यायलेलं लाकूड यांचा एकत्र वास तिथे येतो. तो माझ्या माहेरचा वास. माझं माहेर दापोली तालुक्यात, हर्णै आणि आंजर्ल्याच्या मधल्या खाडीकाठी. समोर खाडी, खाडीतून बाहेर पडलं की समुद्र आणि डाव्या हाताला सुवर्णदुर्ग.

माझे बाबा मासेमारी करायचे. २००३ साली त्यांनी स्वतःची होडी बांधून घेतली, तेव्हा मी दहावीत होते. दोन सिलिंडरची, सागाच्या फळ्यांची होडी. नाळेवर दोन्ही बाजूंना आईचं नाव. याच होडीनं दादाचं लग्न केलं, घरावर कौलं बदलून स्लॅब घातला आणि माझ्या एम.ए.ची फी भरली. पुढे मी सहा वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मग लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीसाठी इकडे आले. शाळा सुटली, होडी मात्र फोटोत, फोनच्या पडद्यावर आणि बोलण्यात राहिली. मंडळाच्या स्नेहसंमेलनात कोणी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" की मी सांगायचे, "आमची होडी आहे हर्णैला." आमची म्हणताना मला फार बरं वाटायचं.

२०२२च्या मार्चमध्ये बाबा गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचले आणि तेरावं करून परत आले. महिन्याभरानं दादानं कुरिअरनं एक कागद पाठवला. होडी त्याच्या नावावर करण्यासाठी आई आणि मी, दोघींची संमती लागणार होती. आईची सही झालेली होती. मी कॉन्सुलेटमध्ये जाऊन माझी सही साक्षांकित करून पाठवायची, एवढंच काम. तो कागद मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. मग लेकीच्या परीक्षा आल्या. मग नवऱ्याची बदली होणार अशी बातमी आली. मग म्हटलं, आता सुट्टीत जाणारच आहोत, तिथेच करू. सुट्टीत गेलो तेव्हा तालुक्याच्या गावी जायचं राहिलं.

ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं, की जोपर्यंत मी सही करत नव्हते तोपर्यंत कागदोपत्री होडी बाबांची होती. सही केली की ती दादाची झाली असती आणि 'आमची होडी' हे बोलणं संपलं असतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

या वर्षी मे महिन्यात दादाचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "बाय, होडीला गिऱ्हाईक आलंय. इंजिन आणि सामान घेणार. लाकूड फोडणार. जुलैत येशील तेव्हा सही देऊन जा."

मी रागावले. बाबांची होडी फोडायची? मी त्याला बरंच काही बोलले. पैसे लागत असतील तर सांग, पण होडी विकायची नाही, असंही म्हणाले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ये तू, मग बोलू."

आपल्या मुलांच्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. कोकणात तेव्हा धो धो पाऊस, त्यामुळे बरेच जण कुरकुरतात. आमच्या माहेरी मात्र तेच दिवस माणसं घरी सापडण्याचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. माशांचा अंडी घालायचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असतात. पूर्वी त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांची झापं घालून त्या शाकारत, आता निळ्या ताडपत्र्या दिसतात. जाळी दुरुस्त करायची, इंजिनं खोलायची, घरातली लग्नाची बोलणी करायची, ती याच दोन महिन्यांत.

पोचले त्याच संध्याकाळी मी छत्री घेऊन होडी बघायला गेले. लेक बरोबर होती. रांगेतल्या सगळ्या होड्या ताडपत्रीखाली होत्या. आमचीही होती, पण तिची ताडपत्री मधोमध फाटलेली आणि आत पावसाचं पाणी साठलेलं. फळ्यांच्या सांध्यांतून बोट जाईल एवढ्या फटी. नाळेवरच्या आईच्या नावातलं पहिलं अक्षर उडालेलं. लेकीनं विचारलं, "आई, हीच का आपली बोट?" मी हो म्हटलं आणि मनात दादावर आणखी चिडले. दोन वर्षांत साधी ताडपत्री बदलता आली नाही याला!

घरी येऊन मी तेच बोलले. दादा गप्प. आई देवापुढे वाती वळत होती, ती गप्प. वहिनी चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "वन्सं, मी सांगते. यांना सांगवत नाही."

मग तिनं कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मासेमारीचा परवाना बाबांच्या नावावर. त्याचं नूतनीकरण आलं, तेव्हा मालक हयात नाही म्हणून अडलं. नाव बदलायचं तर सगळ्या वारसांची संमती हवी. परवाना नाही म्हणून सोसायटीतून डिझेलवरचा परतावा नाही. समुद्रात गस्तीच्या बोटीनं अडवलं तर दंड. एक हंगाम दादानं कसाबसा काढला, आणि मे २०२३मध्ये होडी जी वर ओढली ती पुन्हा पाण्यात गेलीच नाही. तेव्हापासून दादा दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जात होता. मला फोनवर म्हणायचा, "चाललंय, बरं चाललंय."

"तू मला बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"दोनदा विचारलं होतं. तू म्हणालीस, करते. लांब असतेस, तुझ्या मागे काय काय असतं. किती वेळा विचारायचं बाय?"

मंडळी, मी शिक्षिका होते. वर्गात गृहपाठ न आणणाऱ्या मुलांची सगळी कारणं मला पाठ आहेत. त्या रात्री माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला म्हटलं, "आधी दापोलीला जाऊ. मी सही करते, होडी तुझ्या नावावर. त्यानंतर ती विकायची, फोडायची की ठेवायची, ते तू आणि वहिनी ठरवा. मी एक शब्द बोलणार नाही." तो म्हणाला, "गिऱ्हाईकाच्या कागदावरच सही दे, एका फेरीत काम होईल." मी म्हटलं, "नाही. ते तुझ्या नावावर झाल्यावर तुझं तू बघ." पावसात एस.टी.नं गेलो. मुद्रांकाच्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र, दोन फोटो, आधार कार्डाची प्रत, नोटरीचा शिक्का. चहासकट सगळं काम दीड तासात झालं. दोन वर्षं तीन महिने मी ते दीड तास पुढे ढकलले होते.

परत येताना एस.टी.त दादा म्हणाला, "विकण्याआधी एकदा मिस्त्रींना दाखवू या का?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. एक शब्द बोलणार नाही म्हटलं होतं ना!

मिस्त्रीकाका म्हणजे आमच्या भागातले जुने होडीचे सुतार. सत्तरी ओलांडलेली. आता नव्या होड्या बहुतेक फायबरच्या येतात, त्यामुळे त्यांच्याकडे काम येतं ते दुरुस्तीचंच. ते आले, आधी होडीतलं पाणी उपसायला लावलं, दोन दिवस ताडपत्री नीट बांधून वारा खेळू दिला. मग हातोडीचा दांडा घेऊन एकेक फळी वाजवायला लागले. चांगली फळी टणटण बोलते. कुजलेली भद्द करते. मला म्हणाले, "मास्तरीणबाय, खडू हाय का?" लेकीच्या दप्तरात खडू होते. काका वाजवत पुढे, मी मागून भद्द वाजलेल्या फळीवर फुली मारत. कितीतरी वर्षांनी मी खडू हातात धरला होता आणि मारत होते फुल्या! शेवटी मोजलं तर अकरा फळ्या आणि आतल्या बरगड्यांसारख्या वाकड्या लाकडांपैकी चार. तळातलं सर्वांत लांब लाकूड, होडीचा कणा, ज्याला पठाण म्हणतात, ते मात्र टणक होतं. काकांनी ते तीन-तीनदा वाजवून पाहिलं. पठाण गेलं असतं तर पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

मी विचारलं, "काका, समुद्रात वीस वर्षं काही झालं नाही, आणि काठावर एका वर्षात कशी कुजली?"

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते इतकी वर्षं खाडीकाठी राहून मला माहीत नव्हतं. खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजत नाही. मीठ लाकूड राखतं. कुजवतं ते गोडं पाणी, म्हणजे पाऊस. होडी काठावर उभी राहिली की उन्हाळ्यात फळ्या सुकून आक्रसतात, सांधे उघडतात. मग पावसाचं पाणी आत शिरतं, साठतं, आणि लाकूड आतून मऊ व्हायला लागतं. समुद्रात धोका वेगळा. तिथे लाकूड पोखरणारा किडा असतो. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या जातीचा. बाहेरून टाचणीएवढं भोक, आणि आत बोटाएवढी पोकळ नळी. म्हणून तर दर हंगामाला होडी वर ओढायची, तळ खरवडायचा, तांबड्या रंगाचा हात द्यायचा. त्या रंगात तांबं असतं, ते किड्यांना मानवत नाही. "चालती होडी माणूस दर साल बघतो," काका म्हणाले. "उभ्या होडीकडं कोण बघतंय? ती उभी राहून गेली, बाय."

कोणाला बोलताहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. दादा दुसरीकडे बघत होता.

रात्री लेकीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. लाकूड ७० हजार. दोन सुतारांची तीस दिवसांची मजुरी ६० हजार. इंजिन उभं राहून धरलं होतं, ते खोलून बसवायचे ५५ हजार. खिळे, कापूस, राळ, तेल, रंग आणि बाकी सामान ३५ हजार. एकूण २ लाख २० हजार. गिऱ्हाईक देणार होतं १ लाख ६० हजार. म्हणजे विकली तर पैसे येणार, ठेवली तर जाणार. दादा म्हणाला, "विकू या. मला तिथे वाटा मिळतो, डोक्याला ताप नाही."

मला बोलायचं होतं. बाबा, आठवणी, आईचं नाव, सगळं तोंडाशी आलं होतं. पण वहिनी बोलली, आणि ती यांतलं काहीच बोलली नाही.

वहिनी दापोलीच्या बाजारात मासळी विकते. हर्णैच्या बंदरावर लिलाव होतो, तिथून माल उचलते, बर्फ घालते आणि एस.टी. नाहीतर टेम्पोनं जाते. ती म्हणाली, "होडी होती तेव्हा माझी पाटी घरच्या मासळीनं भरायची. लिलावात बोली लावायला लागायची नाही. आता मोठे व्यापारी भाव चढवतात, मला उरतं तेच घ्यायला लागतं. वर्षभरात तुम्ही त्या बोटीवर कमावलं ते धरा आणि माझ्या पाटीतलं कमी झालं तेही धरा." मग ती एकेक आकडा सांगत गेली आणि मी लिहीत गेले. बर्फ, भाडं, लिलावातला भाव, विकून आलेला पैसा. तिच्याकडे वही नाही, सगळं डोक्यात. दोन बेरजा-वजाबाक्या झाल्यावर दिसलं, की होडी एक चांगला हंगाम चालली तर दुरुस्तीतला बराचसा पैसा वर येतो, आणि दुसऱ्या हंगामात घर पुन्हा आपल्या पायावर उभं राहतं.

दादानं ते पान हातात घेऊन दोनदा वाचलं. म्हणाला, "करू या मग."

पैशांची जुळणी अशी झाली. वहिनीनं बचत गटातून ५० हजार उचलले. दादाकडे ७० हजार होते. उरलेले एक लाख मी दिले. शाळा सोडली तेव्हा मिळालेले पैसे बँकेत तसेच पडून होते. दादा बक्षीस म्हणून घेईना. शेवटी उसने म्हणून घेतले, त्याच वहीत लिहून, आणि खाली सही करून. सही त्यानं तिथल्या तिथे केली, हे मी मुद्दाम सांगते.

मग महिनाभर आमच्या घराची कार्यशाळा झाली. ताडपत्रीचा मोठा मांडव घातला. जुन्या फळ्या निघाल्या. काही हातात घेतल्या तर ओल्या बिस्किटासारख्या मोडायच्या. नवी फळी सरळ असते, होडीची कूस गोल. मग फळीवर ओली पोती टाकायची, खाली सोडणांचा विस्तव करायचा, आणि गरम झाली की चार माणसांनी धरून हळूहळू वाकवत बसवायची. घाई केली तर तडकते. बरगड्यांना बाभळीचं लाकूड आणलं, झाडावरच वाकडं वाढलेलं. काका गावठाणात फिरून फांद्या बघायचे आणि म्हणायचे, "ही आपल्या उजव्या कुशीची." वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट हे शब्द मी शाळेत शिकवले होते, आता लेकीला प्रत्यक्ष दाखवले. तिची बोटं दिवसभर भुशानं माखलेली असायची.

आम्हा बायकांचं काम कापसाचं. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरतात, त्यासाठी त्याच्या लांब वाती वळाव्या लागतात. निरांजनातली वात बोटाच्या पेराएवढी, ही हातभर लांब आणि करंगळीएवढी जाड. आई देवाच्या वाती वळणारी, तिला शिकवायला लागलं नाही. मी, आई, वहिनी आणि लेक, चौघी ओटीवर बसून वाती वळायचो, पाऊस पडत असायचा. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली, फळ्या सुकल्या, तेव्हा काकांनी त्या वाती तेलात बुडवून बोथट पटाशी आणि मोगरीनं ठोकत ठोकत सांध्यांत बसवल्या. ठोके ऐकून सांधा भरला की नाही ते कळायचं. वरून राळेचा लेप. मग तळाला तांबडा रंग. शेवटी नाळेवर आईचं नाव. ते लिहायचा मान माझ्याकडे आला. फळ्यावर लिहिताना मी कधी इतकी घाबरले नव्हते.

होडी पाण्यात ढकलायची कधी, याचं उत्तर आकाशात असतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पाणी सर्वांत वर चढतं. मधल्या अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिचं पाणी आमच्या होडीपर्यंत पोचलंच नसतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटतात, त्यामागे श्रद्धा आहे आणि पाण्याची ही सोयही आहे. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. लेकीनं मोबाइलवर पाहिलं, त्यातली वेळ थोडी पुढची निघाली. दादा म्हणाला, "थोडी पुढं-मागं होते. वारा असतो, पाऊस असतो. मोबाइल गरम झाला की बंद पडतो, तिथी बंद पडत नाही."

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. रक्षाबंधनही त्याच दिवशी. सकाळी राखी बांधली. दादानं ओवाळणीच्या ताटात पाचशेची नोट टाकली आणि म्हणाला, "ही ओवाळणी नाही. पहिला हप्ता." वहिनीनं लगेच वहीत लिहून ठेवला.

वाडीतली चाळीस-पन्नास माणसं जमली. ज्यांच्या होड्या आधीच पाण्यात गेल्या होत्या तेही आले. होडीखाली तेल लावलेले ओंडके, पुढे दोर, दोन्ही कुशींना खांदे. आईनं नाळेला हळद-कुंकू लावलं, नारळ समुद्राला वाहिला. ती काही बोलली नाही, फक्त नावावरून एकदा हात फिरवला. "हैय्या" झाला, आणि होडी हाताएवढी सरकली. मग दोन हात. मग एकदम हलकी झाली, कारण पाणी तिच्याखाली आलं होतं.

सगळे ओरडत होते आणि मी होडीत वाकून बघत होते. आत पाणी येत होतं! तीन-चार सांध्यांतून बारीक धारा लागल्या होत्या. माझ्या काळजाचं पाणी झालं. दोन लाख वीस हजार, चौघींच्या वाती, सगळं फुकट? काका काठावर विडी ओढत बसले होते. म्हणाले, "येऊ दे. लाकूड सुकं हाय. दोन दिवस पाणी पिऊन फुगलं की आपणच सांधे मिटतात. तोवर उपसा."

दादा त्या रात्री होडीवरच झोपला. दर दोन तासांनी उठून पाणी उपसलं. दुसऱ्या दिवशी धारांचे थेंब झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेले, तेव्हा आत लेकीची कागदी होडी तरंगेल एवढंही पाणी नव्हतं. २२ तारखेला आम्ही विमानात बसलो.

नवा परवाना सप्टेंबरमध्ये आला, दादाच्या नावावर. गणपतीचं विसर्जन झाल्यावर होडी पहिल्या फेरीला गेली. फार काही मिळालं नाही. थोडी कोळंबी, थोडे बांगडे. पण वहिनीची पाटी घरच्या मासळीनं भरली आणि तिनं पाटीचा फोटो पाठवला. फोटोत तिचा चेहरा नाही, नुसती पाटी. त्या खाली लिहिलेलं, 'लिलाव नाही.' ऑक्टोबरचा हप्ता वेळेवर आला.

आता, हे सगळं मी दिवाळीच्या अंकात का लिहिलं? कारण गेल्या दोन महिन्यांत मी इथे चार-पाच मैत्रिणींना ही हकिगत सांगितली, आणि प्रत्येकीनं मान खाली घातली. कोणाच्या गावच्या घराचं छप्पर गळतंय, पण तीन भावंडांच्या सह्या नाहीत म्हणून दुरुस्ती नाही. कोणाच्या आंब्याच्या बागेचा सातबारा आजोबांच्या नावावर आहे आणि चुलतभाऊ कर्ज काढू शकत नाही. कोणाची खोली कुलूप लावून ठेवलेली, किल्ली शारजात. भांडण कुठेच नाही. आपण फक्त 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणालोय. तिथली माणसं आपल्याला दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत, आणि आपण समजतो की सगळं ठीक चाललंय.

प्रत्येक वेळी सही द्यावीच असं माझं म्हणणं नाही. कोणाला हिस्सा हवा असेल, तो मागायचा हक्क आहे, विशेषतः आपल्या मुलींनी तो घाबरून सोडू नये. पण हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा. कागद पाकिटात ठेवू नका.

लेकीनं शाळेत 'माझी सुट्टी' या विषयावर निबंध लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्या मामाची एक बोट आहे आणि मी तिच्यासाठी वाती केल्या.' मामाची, असं तिनं लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासत होते, पण त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

पाडव्याला दिवे लावताना जरा जास्त वाती वळा. आणि कपाटातलं पासपोर्टचं पाकीट एकदा उघडून बघा.

शुभ दीपावली!